क्वेसारमधील झोत

क्वेसारच्या (अतिदूरच्या, अत्यंत तेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या) मध्यातील महाकाय कृष्णविवराजवळून, बहुधा परस्परविरुद्ध दिशांना, जवळजवळ प्रकाशवेगाने बाहेर पडणारे प्लाझ्माचे (विद्युतभारित कणांच्या वायूचे) अरुंद प्रवाह. सुमारे एक-दशांश क्वेसारांमध्येच ते रेडिओ तरंगांत प्रबळ आढळतात. हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये मेसिए ८७ या दीर्घिकेतील ‘सरळ किरण’ नोंदवला होता. मात्र क्वेसारशी झोताचा संबंध १९६३ मध्ये पुढे आला. त्या वर्षी मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्याचे प्रमाण; ती जितकी जास्त, तितकी वस्तू दूर) ०·१५८ असल्याचे दाखवले आणि त्याच्या शेजारच्या अंधुक झोताचीही नोंद केली. आकाशात दिसणारी या झोताची लांबीच दीड लाख प्रकाशवर्षांहून अधिक भरते.

झोतांना ऊर्जा कोठून मिळते, हा प्रश्न जुना आहे. रॉजर ब्लँडफर्ड व रोमन झ्नायेक यांच्या १९७७ च्या उपपत्तीनुसार चुंबकीय बलरेषा कृष्णविवराची परिवलन ऊर्जाच बाहेर खेचतात. ब्लँडफर्ड व डेव्हिड पेन यांच्या १९८२ च्या उपपत्तीत ती ऊर्जा भोवतालच्या वायूच्या चकतीतून येते. काही संगणकीय प्रतिकृतींत झोताची शक्ती आत पडणाऱ्या द्रव्याच्या एकूण ऊर्जापुरवठ्याहूनही जास्त निघते, आणि परिवलन ऊर्जेचा आधार घेतल्याशिवाय हे संभवत नाही. मेसिए ८७च्या कृष्णविवरालगत सुव्यवस्थित व प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे इव्हेंट होरायझन या जगभरच्या रेडिओ दुर्बीणजालाच्या २०२१ च्या ध्रुवण निरीक्षणांतून (तरंगांच्या कंपनदिशेच्या मापनांतून) सूचित झाले. त्यामुळे वेगवान मुख्य झोतापुरती पहिली उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. मंद बाह्य आवरण चकतीतून येत असावे. झोतात इलेक्ट्रॉनांसोबत प्रोटॉन असतात की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनांचे धनभारित प्रतिकण), याविषयी मतैक्य नाही.

दूरच्या क्वेसारांच्या झोतांची गोष्ट वेगळी आहे. वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीची (महास्फोटानंतर उरलेल्या, सर्वत्र पसरलेल्या प्रारणाची) ऊर्जाघनता, ताम्रसृतीत १ मिळवून येणाऱ्या संख्येच्या चतुर्थ घाताने वाढते. ताम्रसृती ३ असता ती आजच्या २५६ पट होते. तेथे झोतातील इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा या पार्श्वभूमीच्या फोटॉनांना देऊन बसतात व ते फोटॉन क्ष-किरण बनतात, म्हणून विस्तीर्ण झोत रेडिओत फिके आणि क्ष-किरणांत तुलनेने तेजस्वी दिसावेत, अशी अपेक्षा आहे. चंद्रा या क्ष-किरण अवकाश वेधशाळेने १९९९ मध्ये पीकेएस ०६३७-७५२ या तुलनेने जवळच्या क्वेसारच्या झोताचे क्ष-किरण टिपल्यावर हेच स्पष्टीकरण तेथेही लावले गेले; पण त्यानुसार अपेक्षित असलेले गॅमा किरण फर्मी या गॅमा-किरण अवकाश दुर्बिणीला आढळले नाहीत. जवळच्या झोतांसाठी ते स्पष्टीकरण त्यामुळे मागे पडले असले, तरी अधिक ताम्रसृतीच्या झोतांबाबत अजून ग्राह्य धरले जाते. अशा दूरच्या क्वेसारांपैकी सुमारे ६·८ ताम्रसृतीचा, रेडिओ तरंगांत प्रबळ असलेला पी१७२+१८ हा क्वेसार २०२१ मध्ये जाहीर झाला.