जुन्या डिझेल गाडीला फ्लो मीटर: बसवायच्या आधी हे वाचा

‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ म्हणून फोंड्याला आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना फ्लो मीटरची, म्हणजे इंजिनाला जाणारे डिझेल मोजणाऱ्या यंत्राची, गरज नसते. मीटर विकणे हा आमचा धंदा आहे, तरी आधी फुकटातला उपाय करून बघा. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल्ल करा आणि झालेल्या किलोमीटरना लागलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर भरवसा नको. पंपावरची नळी कधी लवकर कट होते, कधी उशिरा, आणि तेवढ्यात लिटरभर इकडचे तिकडे होते. त्याच पंपावर सलग तीन टाक्या भरून हिशेब धरा. टायरचा साइज बदललेला असेल तर गाडीचे किलोमीटरही तपासा. मोबाइलच्या जीपीएसवर २० किलोमीटर झाले आणि डॅशबोर्डवर १८ दिसले, तर अ‍ॅव्हरेज आपोआप १० टक्के कमी निघते. डिझेल बिचारे तेवढेच जळलेले असते.

एवढे करूनही हिशेब लागत नसेल, आणि डिझेल नेमके चढणीला जाते, उभ्या गाडीत जाते की भलतीकडेच, हे बघायचे असेल, तेव्हा मीटर.

आम्ही बसवतो त्या मीटरच्या पोटात दोन अंडाकृती दातेरी चकत्या असतात. एका फेरीला ठरावीक डिझेल पुढे सरकते, चकतीतला लोहचुंबक सेन्सरसमोरून गेला की एक पल्स (विजेचा ठोका) मोजली जाते. पाण्याच्या मोटारीसाठी मिळणारा स्वस्त प्लास्टिकचा सेन्सर चालेल का, असे खूपजण विचारतात. नाही चालत. तो मिनिटाला लिटर-दोन लिटर मोजायला केलेला असतो. उभी जीप तासालाही लिटरभर खात नाही, एवढ्याशा धारेने त्याचे पाते हलतसुद्धा नाही.

खरी गोम आहे ती रिटर्न लाइनमध्ये. टाकीतून निघालेले सगळे डिझेल इंजिन जाळत नाही. बरेचसे इंजिनाच्या डिझेल पंपाला आणि नोझलना थंड ठेवून परत टाकीत येते. समजा, तासाला ६० लिटर वर गेले आणि ५५ परत आले, म्हणजे जळाले ५. एकच मीटर जाणाऱ्या पाइपवर लावला तर तो ६० सांगणार. दोन लावून वजाबाकी केली, आणि प्रत्येकात फक्त १ टक्का चूक असली, तरी दोन्ही चुका मिळून १.१५ लिटरपर्यंत जाऊ शकतात. ५ लिटरात लिटरभराहून जास्त! शिवाय परतणारे डिझेल गरम असते. ३० अंश तापले की ते अडीच टक्क्यांच्या आसपास फुगते.

म्हणून जुन्या गाड्यांना आम्ही रिटर्न टाकीत सोडत नाही. इंजिनाजवळ फ्लोटचे (आत तरंगता गोळा असलेले) छोटे पत्र्याचे भांडे बसवतो, रिटर्न त्यातच फिरतो आणि भांड्यातून बुडबुडे वर निघून जातात. जेवढे जळाले तेवढेच नवे, थंड डिझेल मीटरमधून भांड्यात येते. मीटर एक, वजाबाकी नाही. भांडे वाऱ्यावर आणि सायलेन्सरपासून लांब हवे, एवढे पथ्य.

बेळगावहून चोर्ला घाटाने भाजी आणणाऱ्या एका पिकअपचे उदाहरण सांगतो. मालकाला ड्रायव्हरवर डिझेल काढल्याचा संशय होता. मीटर लावून आम्हीच सोबत गेलो. चढणीला तासाला ११ लिटरच्या वर आकडा, उतारावर गिअरमध्ये जवळजवळ शून्य, न्यूट्रल केली की लगेच ०.८. (उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचते म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. ब्रेकचे तर बोलायलाच नको.) घाटात काही गडबड सापडली नाही. मग बाजारात माल उतरताना बघितले, तर अडीच तास इंजिन चालूच. रोजचे दोन लिटर तिथे जात होते. ड्रायव्हर म्हणाला, ‘बंद केली तर परत स्टार्ट होत नाही, मग धक्का कोण मारणार?’ बॅटरी मेलेली होती. बॅटरी बदलली, आम्ही मीटर काढून घेतला.

गोव्याच्या पावसाबद्दल एक गोष्ट. जून ते सप्टेंबर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीच्या तळाला पाणी आणि गंज साचतो. तो चकत्यांत अडकला की मीटर जाम, आणि गाडीही बंद. त्यामुळे आधी टाकी धुणे, नवा फिल्टर, मगच मीटर. जुने रबरी पाइपही बदलावे लागतात. ओढणाऱ्या बाजूचा तडा गेलेला पाइप गळत नाही, हवा ओढतो, आणि मीटर ती हवाही डिझेल म्हणून मोजतो.

पेट्रोल गाड्यांचे काम सध्या घेत नाही.

बसवल्यावर मीटर तुमच्यासमोर ५ लिटरच्या मापाने जुळवून देतो. माप हातात घेऊन बघा, संकोच नको. किंमत गाडी बघितल्यावरच सांगतो, कारण पाइप किती बदलावे लागतील ते आधी कळत नाही. येताना मागच्या दोन-तीन महिन्यांची डिझेलची बिले आणा आणि टाकीत निदान दहा-बारा लिटर असू द्या. तळाला लागलेली टाकी एअर घेते, आणि तो एअर काढण्यातच आमची अर्धी सकाळ जाते.