प्लाझ्मा दाबला की चुंबकक्षेत्राचं काय होतं?

वायू झटकन दाबला की तापतो, आणि किती तापेल हे शाळेत शिकलेल्या नियमांवरून काढता येतं. प्लाझ्मा हाही एक प्रकारे वायूच, फक्त त्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. मात्र त्यात चुंबकक्षेत्र असेल तर हे गणित बरंच बदलतं.

प्लाझ्मा विजेचा उत्तम वाहक असल्यामुळे चुंबकीय बलरेषा त्याला जखडलेल्या राहतात. तो सरकला की त्याही सरकतात. स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांनी 1940च्या दशकात ही कल्पना मांडली. 1970 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता नळीतला प्लाझ्मा चहूबाजूंनी आवळून त्याची त्रिज्या एक दशांश केली, तर तेवढ्याच बलरेषा एक शतांश क्षेत्रफळात दाटतात आणि क्षेत्र शंभरपट होतं. चुंबकक्षेत्रही दाब देतं आणि हा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दहा हजारपट!

अमेरिकेत अल्बुकर्की इथल्या सँडिया प्रयोगशाळेतलं झेड यंत्र अणुकेंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, म्हणजे संमीलनाच्या, संशोधनासाठी हेच करतं. बेरिलियमच्या जेमतेम सेंटिमीटरभर उंचीच्या नळीत ड्युटेरियम (जड हायड्रोजन) हे इंधन भरतात, 10 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकक्षेत्राचं एकक) क्षेत्र देतात, लेझरने इंधन आधीच तापवतात आणि मग सुमारे 100 नॅनोसेकंदांत दीड-दोन कोटी अँपिअरचा प्रवाह सोडून नळी चिरडतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत इंधनाचं तापमान तीन कोटी अंशांच्या आसपास पोचलं होतं. एरवी इतक्या तापलेल्या इंधनातली उष्णता इलेक्ट्रॉन लगेच नळीच्या भिंतीकडे नेतात. क्षेत्र असलं की इलेक्ट्रॉन बलरेषांभोवती गिरक्या घेत राहतात आणि आडवी गळती कमी होते. लेझरच्या माऱ्याने इंधन दाबणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीतही इंधनाच्या गोळीला 26 टेस्लाचं क्षेत्र दिल्यावर तापमान 40 टक्क्यांनी वाढलं आणि संमीलनातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन तिप्पट मिळाले, असं 2022 मध्ये जाहीर झालं.

नळी चिरडताना तिच्या पृष्ठभागावर अस्थिरता, म्हणजे बारीक उंचसखलपणा, वाढतात, हा त्रास आहेच. क्षेत्र दिल्यावर त्यांना मळसूत्री आकार येतो.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचा छोटेखानी प्रयोग. एका लांब नळीत एका टोकाकडून बलरेषांना पीळ पडलेला प्लाझ्मा सोडायचा, दुसऱ्या टोकाला बंद भांड्यात तो आदळून दाबला गेला की घनता, आयनांचं (इलेक्ट्रॉन सुटलेल्या अणूंचं) तापमान आणि क्षेत्र मोजायचं, आणि वाफेच्या इंजिनासाठी काढतात तसा दाब-आकारमानाचा आलेख मांडायचा. आकारमानातली घट फार तर 30 टक्के, पण प्रश्न मूलभूत होता: हा प्लाझ्मा कोणत्या नियमाने तापतो?

आयनांच्या आपसात भरपूर टकरी होत असतील तर ऊर्जा सगळ्या दिशांत सारखी वाटली जाते आणि एकच दाब धरून चालतो. टकरी विरळ असतील तर बलरेषांच्या दिशेचा दाब वेगळा आणि आडवा दाब वेगळा. च्यू, गोल्डबर्गर आणि लो या भौतिकशास्त्रज्ञांनी 1956 मध्ये यासाठी दोन स्वतंत्र समीकरणं दिली. प्लाझ्मा बलरेषांच्या दिशेने आखडला तर त्या दिशेचं तापमान घनतेच्या वर्गाने वाढतं. क्षेत्र बळकट झालं तर आडवं तापमान क्षेत्राच्या प्रमाणात वाढतं.

स्वार्थमोरच्या मोजमापांशी एकाच दाबाचा नेहमीचा नियम जुळला नाही. जुळलं ते बलरेषांच्या दिशेचं समीकरण. म्हणजे आयनांची बहुतेक ऊर्जा त्याच दिशेत होती. झेड यंत्रात मात्र शेवटी घनता इतकी प्रचंड होते की टकरींनी हा भेद पुसला जातो. या दोन टोकांच्या मधल्या घनतेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी कोणतं समीकरण घ्यायचं, हे सोपं नाही: दाबताना घनता वाढते म्हणून टकरी वाढतात, पण तापमानही वाढतं, आणि वेगवान आयन एकमेकांना चुकवून निघून जातात. बलरेषांच्या दिशेचं समीकरण लागू असेल तर यातला दुसरा परिणाम वरचढ ठरतो आणि दाबता दाबता टकरी आणखी विरळ होत जातात.