केशनिर्मूलन, स्त्रियांचे : वयपरत्वे होणारे बदल (कोल्हापूर परिसर)

चेहरा, काख, हातपाय व जांघ येथील केस स्त्रियांनी काढणे, कमी करणे किंवा आहेत तसे राहू देणे, आणि वय वाढेल तसा या निवडीत पडत जाणारा फरक. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर शहर व लगतच्या करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळा या तालुक्यांतील वहिवाट मुख्यतः विचारात घेतली आहे. डोक्यावरील केसांचे दोन आचार येथे अभिप्रेत नाहीत. एक, विधवांचे केशवपन. त्याविरुद्ध मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने घेतलेली भूमिका सर्वपरिचित आहे. दुसरा, दिगंबर जैन आर्यिकांचा (साध्वींचा) केशलोच. कोल्हापूर परिसरात जैन समाज मोठा असल्याने या शब्दाशी गल्लत होऊ शकते. केशलोच हे व्रत असून दोन ते चार महिन्यांच्या अंतराने हातानेच केस उपटले जातात. पकड सुटू नये म्हणून बोटांना राख लावतात.

संज्ञा : मराठीत ‘लव’ आणि ‘केस’ हा भेद जुना आहे. अंगावरची बारीक, मऊ, जवळजवळ रंगहीन ती लव. जाड, रंगीत व मुळाशी घट्ट तो केस. त्वचारोगशास्त्र नेमका हाच भेद करते. वाढत्या वयातील बदलाचे सार याच दोन शब्दांत सांगता येते : पायावरचे केस विरळ होत जातात आणि हनुवटीवरच्या लवेचा केस होतो. संस्कृतात रोम व लोम हे पर्याय असून केस काढण्यास ‘लोमापहरण’, त्यासाठीच्या लेपास ‘लोमशातन’ म्हटले आहे. आजच्या बोलीत ‘थ्रेडिंग’, ‘वॅक्सिंग’, ‘आयब्रो करणे’, ‘अपरलिप करणे’ हेच शब्द रूढ आहेत.

प्राचीन उल्लेख : या विषयावरील लेखनात सुश्रुतसंहितेचा दाखला हमखास येतो. तो नीट पाहणे आवश्यक आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे म्हणजे जखमेचे साठ उपक्रम (उपचार) सांगितले असून लोमापहरण हा त्यांतील एक. केसाळ जागेवरचा व्रण नीट भरून येत नसेल तर वस्तरा, कात्री किंवा चिमट्याने तेथील केस काढावेत, असे तेथे म्हटले आहे. पुढे लेप दिला आहे : शंखचूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, शुक्तात म्हणजे आंबवलेल्या द्रवात वाटून. संहितेचा काळ कोणी इ. स. पू. ६०० च्या सुमारास नेतात, तर कोणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आणतात. ग्रंथावर एकाहून अधिक संस्कार (फेरमांडणी) झाले असावेत हे मत अधिक ग्राह्य वाटते. नेपाळमधील तिचे ताडपत्री हस्तलिखित इ. स. ८७८ चे आहे. मात्र कालनिर्णय कोणताही मानला तरी हा संदर्भ जखमेचा आहे, सौंदर्यप्रसाधनाचा नाही. त्यावरून प्राचीन स्त्रिया अंगावरील केस सर्रास काढीत, असा निष्कर्ष ओढणे धाडसाचे ठरते. कामसूत्रातील ठरावीक दिवसांनी केस काढण्याचा नियमही नागरकाचा, म्हणजे पुरुषाचा आहे. लोमशातनाचे लेप व्रणाच्या संदर्भाविना येतात ते नंतरच्या औषधयोगांच्या संग्रहांत.

लेपातील शंखचूर्ण कच्चे की भाजलेले, हा प्रश्न किरकोळ नाही. कच्च्या शंखात कॅल्शियम कार्बोनेट असते. ते भाजले की चुनकळी बनते. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. चुनकळी, हरताळ व पाणी एकत्र आल्यास तीव्र अल्कधर्मी सल्फाइडे तयार होतात आणि ती केसातील केराटिनचे सल्फर-सल्फर बंध तोडतात. केस मऊ होऊन पुसला जातो. कच्च्या चूर्णाने हे घडण्यासारखे नाही, त्यामुळे येथे भस्मच अपेक्षित असावे. पण आंबट शुक्तामुळे चुन्याचा जोर काहीसा मारला जातो, ही अडचण उरतेच. पश्चिम आशियात चुनकळी व हरताळ यांचेच मिश्रण दीर्घकाळ वापरात होते. आजच्या केस काढण्याच्या क्रीममध्ये हरताळाऐवजी थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार असतात. तुटतो तो बंध तोच, आणि सामूही (पीएच) १२ च्या आसपास. हरताळ विषारी असल्याने घरगुती प्रयोगात तो कदापि वापरू नये. मराठीला हे द्रव्य निराळ्या कारणाने परिचित आहे. पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती बुजवीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरून आला.

दोऱ्याने केस काढण्याच्या कलेचा उगम वादग्रस्त आहे. इराण, तुर्कस्तान, भारत व चीन या चारही ठिकाणांसाठी दावे केले जातात. इराणात व दक्षिण चीनमध्ये वधूच्या चेहऱ्यावरील लव लग्नाच्या वेळी प्रथम दोऱ्याने काढण्याची रीत होती. कोल्हापुरातील हळदीच्या विधींत असा टप्पा आढळत नाही. या क्रियेला मराठीत रुळलेला स्वतःचा शब्दही नाही. शब्द नसणे हा निर्णायक पुरावा नव्हे. तरी येथे ही पद्धत ब्युटी पार्लरबरोबर, म्हणजे बहुधा विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत आली, असे मानण्याकडे कल होतो.

वयानुसार वहिवाट : सुरुवात तान्हेपणीच होते. बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेलहळदीचा हात लावून कणकेचा गोळा बाळाच्या पाठीवर, कपाळावर फिरवते आणि गोळ्याला चिकटलेली लव आईला दाखवते. मुलगी असेल तर हे अधिक आग्रहाने केले जाते. वास्तविक ही जन्मलव काही आठवड्यांत आपोआप गळते, आणि नाजूक कातडीला कणीक घासल्याने पुरळ उठू शकते.

जुन्या पिढीत हातापायांवरील केस हा विषयच नव्हता. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या असत, पंचगंगेच्या घाटावर धुणे धुताना तर गुडघ्यापर्यंत. तरी पायावरचे केस कोणी न्यूनाचे मानल्याचे दिसत नाही. म्हणजे अंग झाकलेले होते म्हणून केस काढीत नसत, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण अपुरे आहे. अंग उघडे असण्याने केस खुपू लागले नाहीत; ते खुपावेत ही नजर नंतर आली. पार्लर, जाहिराती, बिनबाह्यांचे ब्लाउज आणि महाविद्यालयीन वावर यांचा त्यात वाटा आहे.

मुस्लिम स्त्रियांत काख व जांघेतील केस काढणे हा शुचितेचा भाग आहे. चाळीस दिवसांहून अधिक काळ ते राहू नयेत, असा दंडक असून त्याला वयाची अट नाही. भुवया कोरण्याबाबत मात्र धर्मज्ञांत मतभेद आहेत.

अनेक वयस्क स्त्रियांच्या अंगाला वस्तरा प्रथम लागला तो बाळंतपणात, दवाखान्यातील ‘तयारी’च्या वेळी. परवानगी विचारण्याची पद्धत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींत नैसर्गिक प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत असे म्हटले आहे, तर शस्त्रक्रियेपूर्वी केस काढणे अटळ असल्यास वस्तरा न वापरता क्लिपर वापरावा, असे तिच्या २०१६ च्या मार्गदर्शनात आहे. वस्तऱ्याने पडणाऱ्या सूक्ष्म चिरांतून जंतुसंसर्ग होतो, हे त्यामागील कारण.

राजारामपुरीच्या गल्ल्या, शाहूपुरी, महाद्वार रोडचा परिसर येथे पार्लर दाटीने आहेत. पेठांमध्ये घरातल्या पुढच्या खोलीत चालणारीही पुष्कळ. लगीनसराई, गौरीगणपती व नवरात्र हे गर्दीचे दिवस. चाळिशीपर्यंत हातपायांचे वॅक्सिंग आणि भुवया ही मुख्य मागणी असते. घरी साखर, लिंबू व पाणी आटवून केलेले वॅक्सही चालते. ते जास्त आटले की कडक होऊन कातडीला धरते. पन्नाशीनंतर मागणी आक्रसते ती चेहऱ्यापुरती : ‘बाकी काही नको, तेवढी हनुवटी बघ.’ दोऱ्याचे एक टोक दातात, दुसरे बोटांत, मध्ये पाचसात पीळ. पीळ सरकला की केस मुळासकट येतो. सैल पडलेली कातडी गिऱ्हाइकाने स्वतः जिभेने आतून फुगवून ताणून धरायची असते, आणि तिला दात नसतील तर हे नीट जमत नाही. म्हणून पार्लरवाली कातडी ताणून धरायला दुसऱ्या बाईला बोलावते.

घरात हे काम काटा काढायच्या चिमट्याने होते. दुपारच्या उन्हाला सोप्यात बसून आजी हनुवटी पुढे करते, नात बोट फिरवून टोचणारा केस शोधते. पांढरा असेल तर तो दिसत नाही, बोटालाच लागतो. ‘काढ की गं तेवढा, गालाला टोचतोय’, एवढेच कारण आजीला पुरते.

शारीरिक कारणे : भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरी ४६–४७ व्या वर्षाच्या आसपास येते. इस्ट्रोजेन घटते, पुरुषी संप्रेरके त्या मानाने कमी घटतात. या बदललेल्या प्रमाणामुळे वरचा ओठ व हनुवटी येथे जाड केस उगवतात. काख, जांघ व पाय येथील मात्र विरळ होतात. हा दोष नाही आणि बाईपणात उणे येण्याचे हे लक्षण तर मुळीच नाही. ‘बाईला दाढी’ म्हणून होणाऱ्या कुजबुजीने कित्येकींनी समारंभात जाणे सोडले आहे, म्हणून हे स्पष्ट नोंदवणे भाग आहे. केसांची अतिवाढ मोजण्यासाठी फेरिमन व गॅलवे यांची १९६१ ची गुणपद्धत वापरतात. तिच्या सुधारित रूपात शरीराच्या नऊ भागांना शून्य ते चार गुण देतात. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, टाळू विरळ होऊ लागली तर अंडाशय किंवा अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतील गाठीची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी. रेझर फिरवल्याने केस दाट येतात हा समज मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच खोडून काढला. कापलेले टोक बोथट असल्याने केस केवळ राठ लागतो.

उतारवयातील पद्धती : कातडी पातळ झाल्यावर गरम वॅक्सने सालटे निघू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास काळेनिळे डाग पडतात, आणि मधुमेहात केसाच्या मुळाशी फोड होऊन ते चिघळतात. लेझर केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर तुलनेने सुरक्षित. साठीनंतर लेझरची पॅकेजे घेणाऱ्या स्त्रियांना हे आधी सांगितले गेले पाहिजे. पांढऱ्या केसांसाठी विद्युत्‌सुईची पद्धत (इलेक्ट्रॉलिसिस) लागू पडते. चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने १८७५ मध्ये पापणीचे आत वळलेले केस काढण्यासाठी ती प्रथम वर्णिली. प्रत्येक केसाच्या मुळाशी स्वतंत्र सुई घालावी लागत असल्याने ती वेळखाऊ आहे.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या काखेतील व जांघेतील केस सून, मुलगी किंवा सांभाळणारी बाई कात्रीने बारीक करते. मुळापर्यंत काढण्याची गरज नसते. घाम व लघवीने ओल धरू नये एवढाच हेतू. कात्री गोल टोकाची घ्यावी, खाली जुने सुती कापड अंथरावे आणि हात लावण्यापूर्वी तिला विचारावे.