पिन नसताना हेडफोन लावलाय असं कंप्युटरला का वाटतं?

चतुर्थीच्या दोन दिवस आधी वेंगुर्ल्यात शेजारच्या काकांनी हाक मारली, "अरे, कंप्युटराचो आवाजच येणा नाय, आता आरती कशी लावूची?" त्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम मीच टाकून दिलेली, त्यामुळे घरच्यांनी निकाल आधीच लावला होता की लिनक्स म्हटलं की आवाजाची बोंब. हे पंधरा वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं, आता नाही.

लिनक्सवर आवाजाचे दोन मजले असतात. तळाला कर्नलमधला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातला आल्सा, तो साउंड चिपशी थेट बोलतो, आणि वर पाइपवायर, जो ब्राउझर, व्हिडिओ प्लेयर अशा सगळ्यांचे आवाज एकत्र करून खाली पाठवतो. आधी हे काम पल्सऑडिओ करायचा, फेडोराने 2021 मध्ये पाइपवायर घेतला आणि मग बाकीचेही वळले. सेटिंगमध्ये आउटपुट एचडीएमआयवर, म्हणजे मॉनिटरच्या केबलवर गेलंय का ते पहिलं बघायचं, कारण मग आवाज मॉनिटरला जातो आणि मॉनिटरला बरेचदा स्पीकरच नसतो. मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) आल्सामिक्सर हा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम उघडून एफ-सिक्स बटणाने साउंड कार्ड निवडायचं, आवाजाच्या पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती म्यूट आहे, एम दाबला की सुटते.

काकांकडे हे सगळं ठीक होतं. फक्त सेटिंगमध्ये हेडफोनसमोर 'प्लग्ड इन' लिहिलेलं, आणि पुढच्या जॅकमध्ये तर काहीच नव्हतं!

आता खरी मजा. जॅकमध्ये एक बारीक स्विच असतो, पिन आत गेली की तो जुळतो आणि एक रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा छोटा भाग, सर्किटमध्ये येतो. पण चार जॅकांना चार तारा नसतात, 2004 ला आलेल्या एचडी ऑडिओ पद्धतीच्या बऱ्याच चिपांमध्ये चौघांना मिळून एकच तार असते, आणि रेझिस्टर असतात 39.2, 20, 10 आणि 5.1 किलो-ओहमचे. प्रत्येक आधीच्याच्या साधारण निम्मा, म्हणजे त्यातून करंट दुप्पट, आणि पॅरलल जोडलेले असल्यामुळे करंटची बेरीज होते, तर हिशोब झाला 1, 2, 4, 8. बाजारात 1, 2, 4, 8 किलोची चारच वजनं असली तरी 1 ते 15 किलोपर्यंत काहीही तोलता येतं आणि प्रत्येक बेरीज एकाच प्रकारे होते, 5 म्हणजे 4 आणि 1, दुसरं काही नाही. तसंच चिप एकूण रेझिस्टन्स मोजते आणि 16 पैकी कुठली स्थिती आहे ते ओळखते. एका तारेत चार जॅकांची खबर, मला हे फार सुंदर वाटतं.

आपल्याकडची खारी हवा, त्यात पाऊस. टॉर्च मारला तर जॅकमधल्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढलेला, पट्टी तशीच चिकटून बसलेली. चिपला वाटतंय हेडफोन आहे, म्हणून ती मागचे स्पीकर इमानदारीत बंद ठेवतेय. काकूंनी कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधली होती आणि दुकानदाराने फॉरमॅट मारायला सांगितलं होतं. दोन्ही उपायांचा या पट्टीशी काडीचा संबंध नाही, आणि फॉरमॅटमध्ये तर नातवंडांचे फोटो गेले असते.

आल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट मोड, म्हणजे हेडफोन दिसला की स्पीकर बंद करणारी सोय, डिसेबल्ड केला, आरती लगेच वाजली. दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून, कानातल्या काडीचा कापूस थोडा काढून ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली, जॅक आतून पुसला, पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, अर्धा तास सुकू दिलं. मशीन चालू केल्यावर हेडफोनसमोर 'अनप्लग्ड' आलं.