एका आकड्यावर दोन देश

मुंबईचे १०४४ आणि ५५८, पुण्याचे ७९२, नागपूरचे ५८५. मीडियम वेव्हवरच्या, म्हणजे मध्यम लहरींवरच्या, रेडिओ केंद्रांच्या या किलोहर्ट्झमधल्या आकड्यांतला कुठलाही घ्या आणि त्याला ९ ने भागून पाहा, बाकी उरत नाही. आकाशवाणीला नवाचे हे वेड लागले जिनिव्हात ठरलेल्या एका आंतरराष्ट्रीय योजनेमुळे.

मूळ अडचण मात्र त्याहून जुनी. मध्यम लहरी दिवसा फार लांब जात नाहीत. वातावरणातला एक थर त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणजे सीमा पाळायच्या तर फक्त दिवसा! युरोपात १९२५ पर्यंत इतका गोंधळ माजला, की १९२६ च्या जिनिव्हा योजनेत ९९ तरंगलांब्या, म्हणजे प्रसारणाच्या जागा, वाटून घ्याव्या लागल्या. त्यांतल्या ८३ एकेका केंद्रासाठी राखीव, उरलेल्या १६ सामायिक. दुबळ्या केंद्रांनी सामायिक जागेत दाटीवाटीने राहायचे, असा तो हिशेब.

पुढच्या वाटण्यांत राजकारण उघडच होते. १९४८ च्या कोपनहेगन योजनेत पराभूत जर्मनीच्या वाट्याला मोजक्याच आणि रद्दड जागा आल्या. मध्यम लहरींवर निभाव लागेना, म्हणून जर्मन प्रसारक एफएमकडे वळले. म्युनिकचे एफएम केंद्र १९४९ मध्येच सुरू झाले होते. खड्यासारखे बाजूला काढलेल्यांनाच सर्वांत स्वच्छ आवाज मिळाला, हे मला या इतिहासातले सर्वांत गमतीदार वळण वाटते.

१९७५ मध्ये युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या देशांनी जिनिव्हातच नवी योजना ठरवली. २३ नोव्हेंबर १९७८ पासून सगळ्यांनी नवाच्या पटीत यायचे. बीबीसी ९०८ वरून ९०९ वर सरकली, जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारकाचे टोकियो केंद्र ५९० वरून ५९४ वर. अमेरिका खंडांत मात्र आजही आकडे दहाच्याच पायरीने चढतात.

एका किलोहर्ट्झसाठी एवढा खटाटोप का? दोन केंद्रांत एक किलोहर्ट्झचे अंतर असले, की रेडिओत तेवढ्याच कंपनांची शिट्टी वाजते आणि ती कानाला सोसत नाही. दोघे नेमके एकाच आकड्यावर असले तर शिट्टी जवळपास नाहीशी होते. मग रात्री उरते ती आवाजाची संथ भरती-ओहोटी, आणि आपल्या बातम्यांखालून झिरपणारी परकी भाषा.