अजगराला उपाशीपोटी विमानात बसवा

बॉल पायथन, म्हणजे पाळला जाणारा आफ्रिकी अजगर, विमानाने पाठवायचा म्हटलं की बेळगावात कुणीतरी सांगतोच, "थंड रक्ताचा प्राणी तो, त्याला काय होतंय!" हा 'थंड रक्त' शब्दच फसवा. सापाचं रक्त थंड नसतं. ते किती गरम राहणार हे बाहेरची हवा नि ऊन ठरवतात. उन्हात पहुडलेल्या सरड्याचं रक्त आपल्याइतकं गरम असू शकतं.

तापमान १० अंशांनी उतरलं की सापाच्या शरीरातल्या क्रिया दुपटी-तिपटीने मंदावतात. अन्न कमी लागतं, हवाही कमी लागते. प्रवासासाठी हे उत्तमच, पण पोट रिकामं असेल तर. अजगराने उंदीर गिळला की एक-दोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं, प्राणवायूची गरज कित्येक पटींनी वाढते. उपासाच्या काळात आवरून ठेवलेलं आतडं पुन्हा उभं करायचं, म्हणजे शरीराला मोठाच खर्च. त्यात पेटी २० अंशांवर आली तर पाचकरस ढिले पडतात, उंदरातले जिवाणू मात्र काम चालू ठेवतात. भक्ष्य पोटातच कुजतं, वायू धरतो, साप ओकतो आणि बंद पिशवीत गुदमरू शकतो. शिवाय उंचीवर विमानाच्या आत समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच प्राणवायू मिळतो. उपाशी सापाला तो पुरतो, पचवणाऱ्याला अपुरा पडू शकतो. म्हणून मोठ्या सापाला शेवटचं खाणं निघण्याआधी १० ते १४ दिवस.

पिशवी सुती, शिवण बाहेरच्या बाजूला. सुटे धागे सापाच्या दातांत नि सरड्याच्या नखांत अडकतात. ती कडक पेटीत ठेवावी, आत थर्माकोलचं अस्तर आणि चारही बाजूंना बारीक भोकं. पाण्याची वाटी नको: सांडली की ओल, आणि ओल सुकताना अंगातली उष्णता ओढून घेते. पाण्यातल्या कासवालाही पाण्यात नव्हे, ओलसर स्पंजावर ठेवतात.

डिसेंबरात उष्णतेची पुडी लावायची तर झाकणाला, कागदात गुंडाळून, आणि एअरलाइनला विचारूनच. तिच्यातली लोखंडाची पूड गंजताना उष्णता देते, पण पेटीतलाच प्राणवायू वापरते. मे महिन्यात पुडी नकोच. तेव्हा धोका आकाशात नसून बेळगावच्या सांबरा विमानतळावर, तापलेल्या धावपट्टीजवळ उभ्या ट्रॉलीवर असतो. उन्हात पेटी थोड्याच वेळात ४० अंशांवर जाऊ शकते. पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्यावं, आणि सामानाचा कप्पा हवेचा दाब व उबेचा आहे का, हे बुकिंगलाच विचारावं. लहान विमानात तो तसा असेलच असं नाही. नसेल तर चोर्ला घाटाने गोव्याचा किंवा महामार्गाने पुण्याचा विमानतळ गाठावा.

बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आपली धामण, मांडूळ, चांदणी कासव घरात ठेवणं हाच गुन्हा. मांडूळ धन दाखवतं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: ते बिळात उंदरांमागे जातं, सोन्यामागे का जाईल?

पोचल्यावर पेटी लगेच हीटरखाली ठेवू नये. आधी खोलीच्या हवेत, मग पाणी, आणि खाणं पाच-सात दिवसांनी, तेही नेहमीपेक्षा लहान उंदराचं.