प्लेऑफ एकटा स्टार जिंकून देत नाही

वाशी-नेरुळच्या बास्केटबॉल कोर्टांवर अमेरिकेच्या एनबीए लीगबद्दल अजून ऐकू येतं, ‘एनबीएचे प्लेऑफ स्टारच जिंकतात, बाकीचे नुसते भरतीला.’ हे साफ चूक आहे. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, जेमतेम आठ-नऊ जण खेळवतात आणि समोरचा संघ त्यातला कच्चा शूटर हेरतो. त्याला मोकळा सोडून त्याच्यावर नेमलेला बचावपटू रिंगखाली उभा राहतो. स्टारची वाटच बंद!

2015च्या फायनलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ क्लीव्हलँडविरुद्ध 1-2 मागे होता. चौथ्या सामन्यापासून सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) बोगटऐवजी आंद्रे इग्वोडाला हा खेळाडू सुरुवातीच्या पाचात आला. साखळीत तो कायम बेंचवरूनच उतरला होता. वॉरियर्सनी पुढचे तिन्ही सामने जिंकले, क्लीव्हलँडचा स्टार लेब्रॉन जेम्स याला मुख्यतः त्यानंच धरलं, फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ही तोच.

म्हणून मोकळं सोडलेल्यानं कोपऱ्यातला थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, पक्का करावा. तो 22 फुटांचा, थ्रींमध्ये सर्वांत जवळचा. पास येण्याआधीच गुडघे वाकलेले, हात तयार हवेत. चेंडू कमरेखाली नेला की बचावपटू पोचलाच.